हरणाचा डावा डोळा

१

कॉब्स फेरी या आमच्या गावात आजवर एकही बंदूक चोरीला गेलेली नाही, आणि या गोष्टीचा आम्हा गावकऱ्यांना रास्त अभिमान आहे. अपवाद एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा, न्यायाधीशांच्या गाडीतून गेली ती. शिवाय दोन हजार तीनमध्ये मेथडिस्ट पाद्र्याची गेली. मधल्या सहा-सात किरकोळ, त्यांतल्या निम्म्या मालकांना पुढे आपल्याच गवताच्या गंजीत सापडल्या. त्यामुळे सोमवारी सकाळी दहा वाजता हब योकमच्या दुकानात जे घडलं त्याला 'अभूतपूर्व' हा शब्द मी माझ्या साप्ताहिकासाठी लिहिला होता, तो मलाच खोडावा लागला.

मी तिथे जाहिरात घ्यायला गेलो होतो. हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की हबची जाहिरात पाव पानावरून अर्ध्या पानावर जाते. आमच्या जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा संपादक मीच, वार्ताहर मीच, आणि जाहिरात विभागही मीच. मिसूरीच्या या डोंगराळ कोपऱ्यात एवढ्या कामाला एक माणूस पुरतो.

तेवढ्यात ओपल लेडबेटर आत आली. वय एकसष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली. गावात पन्नाशीच्या आत असलेल्या प्रत्येकाने तिच्या हातचं खाल्लेलं असल्यामुळे तिच्यासमोर कोणी फार ताठ उभं राहत नाही. जूनपासून तिने हबकडे एक पिस्तूल राखून ठेवलं होतं. पद्धत अशी, की दर आठवड्याला थोडे पैसे भरायचे, पिस्तुलावर तुमच्या नावाची चिकटपट्टी लागते, आणि पैसे पुरे होईपर्यंत ते आपल्या पेटीत, मागच्या खोलीतल्या कपाटात पडून राहतं. ओपल दर सोमवारी यायची, पैसे द्यायची, पिस्तूल दोन मिनिटं हातात धरायची आणि परत करायची. आजचा सोमवार शेवटचा होता.

"आण बाबा," ती हबला म्हणाली. "आज घरी यायचंय ते."

हबने मागून पेटी आणली आणि काउंटरवर ठेवली. ठेवताना झाला तो आवाज, पेटीचं ते वजन, सगळं बरोबर होतं. मग त्याने झाकण उघडलं.

आत दुकानातल्याच तेलकट फडक्यात गुंडाळलेले हिरव्या शेंगांचे दोन डबे होते. लेबलावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : मीठ न घातलेल्या.

हबने एक डबा उचलून उलटसुलट फिरवून पाहिला. मग हब म्हणाला, "हे मी विकत नाही."

२

आमच्या जिल्ह्यात कोणी पिस्तूल घेतलं तर ती बातमी होत नाही. एकसष्टाव्या वर्षापर्यंत घेतलं नव्हतं, ही मात्र बातमी होती.

ओपलच्या वडिलांनी कोरियाच्या लढाईतून एक पिस्तूल आणलं होतं. एकोणीसशे अकरा साली लष्कराने घेतलेलं ते जुनं, चपटं, पोलादी पिस्तूल. सालावरूनच त्याला सगळे 'नाईन्टीन-इलेव्हन' म्हणतात. ते कपाटावर सिगारच्या खोक्यात असायचं. खोक्यावरची धूळ पुसायची परवानगी ओपलला होती, खोकं उघडायची नव्हती. वडील वारल्यावर ते तिच्या भावाकडे, गेलनकडे गेलं, कारण गेलन मुलगा होता. गेलनने ते देऊन होडीची मोटर घेतली. मोटर त्याच उन्हाळ्यात होडीसकट तलावात बुडाली.

"मला तसलंच हवं," ओपल जून महिन्यात दुकानात येऊन म्हणाली होती. "आणि परवडणारं हवं. मी शाळेतून निवृत्त झालेय, बँकेतून नाही."

शेगडीजवळच्या स्टुलावर नेहमीप्रमाणे रॉयस टॅकेट बसला होता. हा निवृत्त पोलीस शिपाई. दर शनिवारी हबच्या मागच्या खोलीत तो पिस्तूल बाळगण्याचा वर्ग घेतो, आणि उरलेले दिवस न विचारता शिकवतो.

"बाईसाहेब, तुमच्यासाठी छोटं रिव्हॉल्वर बघा," तो म्हणाला. "पर्समध्ये मावतं. गुलाबी मुठीचंसुद्धा येतं."

"रॉयस, मी पन्नास पौंडांची बटाट्याची पोती एकतीस वर्षं उचललीत. अडीच पौंडांच्या लोखंडाने माझं मनगट मोडणार नाही. आणि गुलाबी काय, मी काय वाढदिवसाचा केक आहे?"

हबने काउंटरवर तीन मांडली. एक नक्षीकाम केलेलं, एक आखूड नळीचं, एक अगदी साधं.

"नक्षीचं बाराशे डॉलरला आहे," हब म्हणाला. "त्यातले आठशे चकाकीचे. हे साधं चारशे तीसला. समुद्रापलीकडच्या कारखान्यात बनतं, पण आराखडा तोच, एकोणीसशे अकराचा. अख्खं पोलाद, पाच इंची नळी. वाचलेले पैसे गोळ्यांवर घाल. नेम गोळ्यांनी सुधारतो, नक्षीने नाही."

"आणि हे आखूड?"

"दुकानात गोजिरवाणं दिसतं. मैदानावर हातातून उसळतं. पहिलं पिस्तूल पूर्ण लांबीचंच घ्यावं."

"साधं दे," ओपल म्हणाली.

"घ्या, घ्या," रॉयस हसला. "मी तीस वर्षं हेच कंबरेला लावलंय, म्हणून सांगतो. साफ करायला ते उघडावं लागतं. परत जोडताना ती आडवी खीळ नीट धरली नाही, तर डाव्या अंगाला अर्धचंद्रासारखा ओरखडा उमटतो. मूर्खाची खूण म्हणतात तिला. तुमच्या पिस्तुलावर आठवड्याच्या आत उमटेल, लिहून देतो."

"मग तूच शिकव. पैसे फिटले की पहिल्या शनिवारी तुझ्या वर्गाला घेऊन येते. सगळ्यांसमोर उघडून जोडून दाखव, मी बघेन."

"दाखवतो की," रॉयस म्हणाला, आणि त्याने कॉफीचा घोट घेतला. कप मघाशीच रिकामा झाला होता, हे मला दिसत होतं. मी ते लिहून ठेवलं नाही. हबने ओपलच्या नावाची पट्टी काढली आणि पिस्तुलाच्या डाव्या अंगावर, खिळीच्या खाली, घट्ट चिकटवली.

३

डबे उघड्यावर आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. हबने ती वेळ कागदावर लिहिली.

"बंदूक हरवली की अठ्ठेचाळीस तासांत वर कळवायचं, हा कायदा," तो म्हणाला. "बुधवारी दहापर्यंत. मग सरकारी माणूस येणार, आणि कोणावर संशय आहे ते विचारणार. ओपल, हे मिटेपर्यंत मला तुला सुरीसुद्धा विकता येणार नाही."

"माझ्यावर का संशय?"

"माझा नाही. पण कपाटाची किल्ली खिळ्याला असते हे चौघांनाच माहीत. मी, तू, रॉयस, आणि चर्चचा अल्विस. शनिवारी चौघंही मागच्या खोलीत होतो. सकाळी तू शेवटचा हप्ता किती ते विचारायला आलीस तेव्हा मी तुला पिस्तूल दाखवलं, ते शेवटचं. आणि पेटीत निघालं काय, तर शेंगा. लोक काय म्हणतील ते मी तुला सांगायला नको."

लोक दुपारपर्यंत थांबले नाहीत. स्वयंपाकीणबाईने शेवटचा हप्ता चुकवायला स्वतःचंच पिस्तूल उचललं, आणि सवयीने जागेवर शेंगा वाढल्या, हे मला पेट्रोल पंपावर ऐकवलं गेलं, पोस्टात ऐकवलं गेलं, आणि माझ्याच कचेरीत फोन करून एकाने वर हेही विचारलं की हे मी छापणार का. गेलनचा फोन तर ओपल अजून दुकानात असतानाच आला.

"परत देऊन टाक," भाऊ म्हणत होता. "मी हबशी बोलतो, तो समजून घेईल."

"होडी तरंगतेय का रे अजून?" ओपलने विचारलं, आणि फोन बंद केला.

मग ती हबकडे वळली. "मी रडून घरी जाईन असं ज्याला वाटलंय, त्याने माझ्या हातचं कधी खाल्लं नसणार. मला ती खोली बघू दे."

मागची खोली लहानच. एक टेबल, आठ खुर्च्या, कपाट, कॉफीचं भांडं, आणि समोरच्या भिंतीवर हबच्या आजोबांनी मारलेल्या हरणाचं शिंगांसकट मुंडकं. ओपल त्या हरणाकडे पाहत राहिली.

"याला एकच डोळा कधीपासून?"

हबने चष्मा शोधला, लावला आणि पाहिलं. हरणाचा उजवा काचेचा डोळा चमकत होता. डाव्या डोळ्याच्या जागी भोक होतं.

"शनिवारी सकाळी दोन होते," तो म्हणाला. "मी स्वतः पुसलेत. हंगाम आला की पुसतो."

ओपलने कॉफीचं भांडं सरकवलं. मागे तपकिरी काचेचा चुरा पडला होता.

"पिस्तूल चोरीला गेलंय आणि तू हरणाचं काय घेऊन बसलीस?" मी म्हणालो.

"चोर पिस्तूल नेतो, ते कळलं. जाता जाता मेलेल्या हरणाला का मारतो?" तिने काचेचा एक तुकडा रुमालात बांधला. "आणि हब, तू रविवारी संध्याकाळी कपाट कसं तपासतोस?"

"पेट्या उचलून बघतो. कोण उघडत बसतंय?"

"म्हणजे कोणीतरी वजन सांभाळलं. विकणारा चोर पेटीसकट नेतो, नाहीतर रिकामी टाकून पळतो. डबे ठेवणाऱ्याला वेळ हवा होता. त्याला ते परत आणून ठेवायचं होतं." तिने पर्स उचलली. "संपादक, तू गाडी चालव. मला राग आला की सिग्नल दिसत नाही."

"गावात सिग्नल नाही."

"म्हणूनच आजवर वाचलो सगळे."

४

अल्विस पर्डम बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात सापडला. तो तिथला डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा सेवेकरी. गरजूंना वाटायचे डबे लावत होता. दुकानात तोच म्हणाला होता, की ओपलचे हप्ते थकले तर ते पिस्तूल मला दे. त्याच्याकडे तसलंच एक चाळीस वर्षं होतंच, आणि दुसरं का हवं याचं उत्तर आमच्या जिल्ह्यात कोणी विचारत नाही.

"भगिनी ओपल, मी प्रार्थना करतोय तुमच्यासाठी," तो म्हणाला.

"नंतर कर. हे डबे तुमच्याकडचे का?" तिने पर्समधून त्या दोहोंतला एक काढला.

अल्विसने झाकण पाहिलं. "नाही. आमच्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर माझी बायको काळ्या शाईने क्रॉस काढते. लोक डबे नेऊन दुकानात परत करतात आणि पैसे घेतात, म्हणून. या झाकणावर काही नाही. शिवाय बिनमिठाच्या शेंगा आम्ही घेत नाही. गरीब झाला म्हणून माणसाने काय काय सोसायचं."

"तुला माझं पिस्तूल हवं होतं."

"हवं होतं. अजूनही हवंय. चोरलेलं नकोय." हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की पुढे काही विचारण्यासारखं उरलं नाही.

ओपलने रुमाल उघडला आणि काच दाखवली. "हबच्या हरणाचा डोळा आहे. शनिवारी फुटला."

अल्विसने तो तुकडा प्रकाशात धरला. चाळीस वर्षांच्या डीकनपणात मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. आता त्याचे खांदे हलत होते.

"माफ करा," तो म्हणाला. "नाईन्टीन-इलेव्हनच्या नळीखाली एक जोरकस स्प्रिंग असते. तिच्या तोंडावर एवढीशी पोलादी टोपी. उघडताना ती टोपी अंगठ्याने दाबून धरायची असते. अंगठा निसटला की ती गोळीसारखी सुटते. माझी पहिल्या वर्षी सुटली. बायकोचा चिनी मातीचा कोंबडा गेला. माझ्या मेव्हण्याचा डोळा चष्म्यामुळे वाचला."

ओपल डब्यांच्या खोक्यावर बसली.

"म्हणजे माझं पिस्तूल कोणीतरी तिथेच टेबलाशी उघडलं."

"आणि कधी उघडलं नव्हतं अशा माणसाने उघडलं," अल्विस म्हणाला. "ज्याने एकदा उघडलंय तो अंगठा काढत नाही."

"हबने हजारो उघडलीत. तू चाळीस वर्षं उघडतोयस." ओपल थांबली. "आणि मी एकदाही उघडलेलं नाही."

"तेच म्हणतो मी, भगिनी," अल्विस अवघडून म्हणाला. "हे कोणाला सांगाल तर जरा जपून. कारण ऐकणारा तुमचंच नाव घेईल."

५

मंगळवारी सकाळी आम्ही डार्लाच्या खाणावळीत गेलो. रॉयस खिडकीशी बसला होता. त्याच्यापुढे एक उकडलेलं अंडं होतं आणि शेजारच्या टेबलावर मऊ पावासारखी गरम बिस्किटं आणि खारट ग्रेव्ही होती. तो शेजारच्या टेबलाकडे पाहत होता.

"रॉयस, मिठाची बरणी दे," डार्ला म्हणाली, आणि त्याच्या हातातून काढून घेऊन गेली. "बायकोचा फोन आला होता तुझ्या. हृदयाच्या डॉक्टरने काय सांगितलंय ते मला पाठ आहे."

"तीस वर्षं या गावाचं रक्षण केलं," रॉयस आम्हाला म्हणाला, "आणि आता अंड्याला मीठ मिळत नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "बाईसाहेब, एक जुना पोलीस म्हणून सांगतो. ज्याने नेलंय त्याने गुपचूप परत ठेवलं तर हब तक्रार करणार नाही. मी शब्द टाकतो."

"ज्याने नेलंय त्याला सांग मग."

"तुम्हालाच सांगतोय."

मला वाटलं आता अंड्याची बशी उडणार. पण ओपलने खुर्ची ओढली आणि शांतपणे बसली. "शनिवारच्या वर्गाचं काय? तू मला उघडून जोडून दाखवणार होतास."

"आता पिस्तूलच नाही तर उघडायचं काय?" रॉयस म्हणाला.

हे वाक्य दुःखाचं होतं. त्याचा चेहरा मात्र दात काढायला गेलेल्या आणि डॉक्टर सुटीवर आहे असं कळलेल्या माणसाचा होता.

गाडीत बसल्यावर ओपल म्हणाली, "तुझ्याकडे जुने अंक किती सालापासूनचे आहेत?"

"एकोणीसशे चौदा."

"रॉयस शिपाई होता तेव्हाचे काढ."

माझ्या कचेरीत ते दुपारभर चाललं. आमच्या साप्ताहिकाचं एक बरं आहे, त्यात गेल्या साठ वर्षांत फारसं काही घडलेलं नाही, त्यामुळे फोटोत तीच माणसं सापडतात. पुलाच्या उद्घाटनाला रॉयस, पुरात रॉयस, भोपळ्याच्या स्पर्धेत परीक्षक रॉयस. ओपलने भिंग घेतलं आणि प्रत्येक फोटोत ती फक्त त्याच्या कंबरेकडे पाहत गेली. सत्तावीस फोटो निघाले. सत्तावीसही फोटोंत त्या चामडी पट्ट्यातून गोळ्यांचं गोल, फुगीर चक्र डोकावत होतं.

"रिव्हॉल्वर," मी म्हणालो. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण एवढं या जिल्ह्यात तीन वर्षांच्या पोरालाही कळतं.

"जिल्ह्याने शिपायांना तेच दिलं होतं. त्याने आयुष्यात नाईन्टीन-इलेव्हन लावलेलं नाही." ओपलने भिंग ठेवलं. "अल्विसला फोन कर. उद्या पावणेदहाला दुकानात ये म्हणावं, आणि त्याचं पिस्तूल आण. रिकामं."

"रॉयसला काय सांगू?"

"तो येईलच. माझी शोभा होताना त्याला पुढची खुर्ची हवी असते."

६

बुधवारी पावणेदहाला हबच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. हबपुढे सरकारी कागद भरून तयार होता. फक्त फोन करायचा राहिला होता. संशयिताच्या रकान्यात त्याने अजून काही लिहिलं नव्हतं, पण पेन तिथेच टेकवलं होतं.

"पंधरा मिनिटं, ओपल," तो म्हणाला. त्याला हे आवडत नव्हतं.

"पुरेत. अल्विस, तुझं पिस्तूल रिकामं आहे ना?"

अल्विसने ते दोनदा तपासलं, हबलाही दाखवलं आणि टेबलावर ठेवलं.

"माझं पिस्तूल गेलं म्हणून माझं शिकणं कशाला अडायचं?" ओपल म्हणाली. "रॉयस, तीस वर्षं लावलंयस तू. हे उघडून दाखव."

रॉयसने आमच्याकडे पाहिलं. "आत्ता? ही काय वेळ आहे?"

"दोन मिनिटांचं काम म्हणायचास."

तो टेबलाशी बसला. पिस्तूल हातात घेतलं, फिरवलं, आणि नळी समोरच्या भिंतीकडे केली. तेव्हा ओपल उठली. तिने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, भिंतीपाशी गेली, आणि टाचा उंचावून ती टोपी हरणाच्या उरलेल्या डोळ्यावर नीट ओढून बसवली. मग येऊन खुर्चीवर बसली.

"हं," ती म्हणाली. "आता उघड."

रॉयसचा अंगठा त्या छोट्या पोलादी टोपीवर होता. तो तिथेच राहिला. 

"ट्रकमध्ये आहे," रॉयस शेवटी म्हणाला. "सीटखाली."

हब बाहेर गेला आणि ते घेऊन आला. किराणा दुकानाच्या कागदी पिशवीत होतं. ओपलच्या नावाची पट्टी सोललेली होती, आणि त्या जागी, खिळीच्या खाली, पोलादावर बारीक अर्धचंद्र होता. त्याच्याभोवती तपकिरी डाग पसरला होता.

"शनिवारी दुपारी वर्ग संपल्यावर सराव करत होतो," रॉयस टेबलाला सांगत होता. "म्हटलं, पुढे तुमच्यासमोर उघडायचंय, एकदा करून बघू. ती टोपी सुटली. ती शोधली, परत जोडलं, पट्टी काढून बघतो तर ओरखडा. मूर्खाची खूण. वाटलं घरी नेऊन रंग लावू आणि सोमवारी तुमच्या आधी ठेवून देऊ. रंग लावला तर तपकिरीच झाला. सोमवारी आलो तेव्हा तुमची गाडी आधीच दाराशी होती."

"आणि शेंगा?" हबने विचारलं.

"त्या मी सांगते," ओपल म्हणाली. "शनिवारी तुझ्या ट्रकमध्ये किराणा होता. वर्गाआधी शेजारच्या दुकानातून बायकोची यादी आणतोस तू. एकतीस वर्षांत मी बिनमिठाच्या शेंगा कधी मागवल्या नाहीत, पोरं त्या माझ्या अंगावर फेकतील. चर्च घेत नाही. या गावात पैसे देऊन त्या खाणारा एकच माणूस आहे, आणि तोही खुशीने खात नाही."

रॉयसने मान खाली घातली. "मला वाटलं नव्हतं की लोक तुमचं नाव घेतील."

"सोमवारी घेतलं. मंगळवारी तूच घेतलंस, तोंडावर. दोन दिवस हे गाव मला चोर म्हणत होतं आणि तू अंडं खात होतास."

  हबने घड्याळ पाहिलं. दहाला तीन मिनिटं कमी. त्याने भरलेला कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"पिस्तूल माझ्या आवारात सापडलं," तो म्हणाला. "ट्रक माझ्याच अंगणात उभा आहे. रविवारी तो कुठे होता हे कागद विचारत नाही. रॉयस, तुझा वर्ग इथे बंद. ओपल, कालच्या मालात अगदी असंच नवंकोरं आलंय, पेटीचं सील फोडलेलं नाही. ते घेऊन जा. हे डागाळलेलं मी ठेवतो."

"नाही," ओपल म्हणाली.

"अगं, किंमत तीच."

"मला हेच हवं. सगळ्यांनी मला सांगितलं, हे तुझ्या हातचं नाही, पहिल्याच आठवड्यात खूण उमटेल. उमटली. माझ्या हाताने नाही उमटली. आता मला घाबरायला काही उरलं नाही." तिने पिस्तूल हातात घेतलं, आणि या वेळी दोन मिनिटांनी परत केलं नाही. "अल्विस, शनिवारी तू शिकवशील?"

"शिकवीन, भगिनी."

"चर्चच्या तळघरात नको. इथे हबच्या खोलीत, याच टेबलाशी. रॉयस, तू पहिल्या खुर्चीत बस. मूर्खाची खूण काय असते ते लोकांना तूच सांग, आणि कोणाची आहे तेही सांग. मग माझ्याकडून तो विषय संपला."

रॉयस शनिवारी आला. पहिल्या खुर्चीत बसला. बोलायची पाळी आली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, पण त्याने सगळं सांगितलं, शेंगांसकट. गेलनही मागे उभा राहून ऐकत होता. ओपलने पोलादी टोपीवर अंगठा दाबून पिस्तूल उघडलं, पुसलं आणि जोडलं. नवा ओरखडा आला नाही. मैदानावर तिच्या पहिल्या सातही गोळ्या कागदाच्या बाहेर गेल्या. तिने पुढच्या सात भरल्या. गोळ्यांच्या पेटीत पन्नास असतात.

मी हे साप्ताहिकात छापलं नाही. 'हरवले-सापडले' या सदरात दोन ओळी टाकल्या. हरणाला हबने काळी गोटी बसवली आहे.

पुढच्या मंगळवारी हबने काचेच्या कपाटात मांडायला म्हणून त्या नव्या पिस्तुलाची सीलबंद पेटी फोडली, तेव्हा मी जाहिरातीचा मजकूर घेऊन समोरच उभा होतो. कागद सोडवला. पिस्तुलाच्या डाव्या अंगाला, खिळीच्या खाली, बारीक अर्धचंद्र होता. हबने चष्मा लावून पुन्हा पाहिलं. जूनमध्ये ओपलच्या नावाची पट्टी त्याच जागी लावताना त्याने चष्मा लावला नव्हता.

हे पिस्तूल तसंच येतं, कारखान्यातूनच.